बांधलेली शेळी

इगतपुरी तालुक्यात एखाद्या वाडीभोवती बिबट्याचा वावर वाढला, की वनखात्याचा पिंजरा येतो. लोखंडी, दोन कप्प्यांचा. एका कप्प्यात शेळी, दुसऱ्यात बिबट्याने शिरायचं. मधल्या जाळीमुळे शेळी वाचते, निदान वाचावी अशी अपेक्षा असते. (रात्रभर तिची काय अवस्था होत असेल, ते सोडाच.) माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

पण हीच शेळी पिंजऱ्याऐवजी कॅमेऱ्यासमोर बांधली तर? मला वाटायचं, हा प्रश्न डिजिटल कॅमेरे आल्यानंतरचा. जरा मागे जाऊन वाचायला लागलो, तर कळलं की वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास जवळपास या बांधलेल्या जनावरापासूनच सुरू होतो.

कार्ल गेओर्ग शिलिंग्ज नावाचे एक जर्मन गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत हिंडत होते. त्यांचं पुस्तक १९०५ साली आलं आणि खूप गाजलं. त्याच्या नावातच फ्लॅशलाइट आणि बंदूक शेजारी शेजारी आहेत. रात्री बैल नाहीतर गाढव बांधायचं, कॅमेरा त्यावर रोखायचा, सिंहाने झेप घेतली की मॅग्नेशियमचा भडका. लोकांनी रात्रीच्या काळोखातला सिंह पहिल्यांदा पाहिला तो असा. गाढवाकडे कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे तर सगळी तयारी आधीपासूनच होती. वाघासाठी रेडकू, बिबट्यासाठी शेळी, वर मचाण, आणि माग काढणारी गावची माणसं. पुढे मचाणावर बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. खालचं रेडकू तिथेच राहिलं.

दुसरी वाट नव्हती असं मात्र नाही. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटांवर बारीक तारा लावून वाघांचे फोटो काढले. तारेला धक्का लागला की फ्लॅश उडणार, शटर उघडणार. वाघ आपल्या वाटेने चाललेला असायचा आणि स्वतःचा फोटो स्वतःच काढून जायचा. त्यांचं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' १९२७ सालचं. आजचे कॅमेरा ट्रॅप याच कुळातले. म्हणजे कुणाला न बांधता वाघाचा फोटो काढता येतो, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि तार लावणाऱ्याला वाघ प्रत्यक्ष दिसेलच असं नाही. खरी अडचण तीच असावी.

मधल्या काळातलं एक उदाहरण मला अवघड जातं. जॉर्ज शॅलर १९६३ ते १९६५ कान्ह्यात होते. वाघ शिकार नेमकी कशी करतो हे जवळून पाहण्यासाठी त्यांनी रेडकं बांधली. त्यातून १९६७ साली आलेलं 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक आजही वाघाच्या अभ्यासातलं पायाचं मानलं जातं. तेव्हा वाघाबद्दल शास्त्रशुद्ध माहिती जवळजवळ नव्हतीच. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि त्या रेडकांची बाजूही माझ्याने सोडवत नाही. असो. पण त्याच काळात कान्हा, सारिस्का, गीर इथे निव्वळ पाहुण्यांना वाघ-सिंह दाखवायलाही जनावरं बांधली जात, त्याचं काय समर्थन करणार?

कायद्याच्या भाषेत मला सहसा रस वाटत नाही, पण इथे ती वाचण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ मारणं नव्हे. पकडणं, हाकणं, आमिष लावणं आणि त्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. पिंजरा चालतो तो त्याच कायद्याखाली परवानगी काढलेली असते म्हणून. कॅमेऱ्यासाठी शेळी बांधणारा मात्र सरळसरळ शिकारी ठरतो. दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा. १९८२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. करमणुकीसाठी एखाद्या जनावराला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून डांबणं हा त्यात गुन्हा आहे, आणि व्याघ्र किंवा इतर अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधण्याचा कंसात खास उल्लेख आहे. तो कंस घालावा लागला, यावरूनच हा प्रकार किती राजरोस चालत असेल ते कळतं.

त्यानंतर आमिष संपलं नाही, लहान झालं. कॅनडात बर्फाळ घुबडांच्या फोटोंसाठी जिवंत उंदीर सोडतात. लपणं उभारून त्यासमोर जिवंत अळ्या टाकणं तर अनेकांना आमिष वाटतच नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत जिवंत आमिषाला आता बंदी आहे. आपल्या १९७२ च्या कायद्यात उंदीर कित्येक वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. रेडकासाठी हळहळणारे उंदरासाठी हळहळत नाहीत. माझंही मन तिथे तितकं दुखत नाही, हे खरं आहे. पण माझ्या मनाला किती दुखतं हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी घुबड काय शिकतं हा उरतोच.

गीरमधले सिंह बांधलेल्या रेडकांना सरावले होते. १९८० च्या दशकात ते खेळ बंद झाले. नंतर सिंहांचे माणसांवरचे हल्ले वाढले, तेव्हा अभ्यासकांनी १९८७-८८ च्या दुष्काळाबरोबर या जुन्या सवयीकडेही बोट दाखवलं.

आमच्याकडे तर जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं तेच सांगता येत नाही. कळसूबाईच्या पलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतीच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला: शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे, उसात आणि माणसांच्या वस्तीत. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, त्या दिवशी या भागातल्या आदिवासी वाड्यांवर वाघबारस असते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. मागणं एवढंच, की आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नको.

भावली धरणाच्या वरच्या अंगाला अशाच एका वाडीवर आमच्या सोबतच्या एका हौशी छायाचित्रकाराने शेळीचा भाव विचारला होता. कशासाठी तेही सांगितलं. दुप्पट पैसे देतो म्हणाला. शेळ्या कोंडत असलेल्या म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं.

"शेळीचं पैसं तुम्ही द्याल, सायेब. पण त्याला एकदा कळलं का हितं बांधलेली शेळी भेटती, मंग तो परत येईल. तवा तुम्ही असाल का?"

छायाचित्रकार हसला, म्हणाला, एका रात्रीचाच तर प्रश्न आहे. म्हाताऱ्याने शेवटची करडं आत लोटली, झापाला कडी लावली आणि खाली मोठा दगड टेकवला. मग त्याने ओढ्याकडे हात केला. फोटोच पाहिजे असेल तर तिकडं पाण्यावर बसा म्हणाला, आला तर आला.