साडी गार्ड आणि इतर पुरावे

मोटारसायकलला मराठीने नाव दिले ते कानाने ऐकून: फटफटी. हिंदीत ती फटफटिया झाली, गुजरातीत फटफटियुं. बंगालीत भटभटी म्हटले की इंजिन बसवलेली नाव किंवा मालवाहू गाडीही आठवेल, पण शब्दाची जात तीच. टाकीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे याची या भाषांनी फिकीर केली नाही. मोटारसायकलचा इतिहास मात्र आपण नेहमी कंपन्यांच्या बाजूने सांगतो. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची जावा, त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100. तारखा बरोबर आहेत. पण कारखान्याबाहेर पडलेल्या गाडीचे लोकांनी पुढे काय केले, हे लिहायचे तर पुरावे गॅरेजमध्ये, भंगारात आणि गाडीवर नंतर बसवलेल्या लोखंडात शोधावे लागतात.

पहिला पुरावा दिल्लीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन मोटारसायकली इथे निकालात निघाल्या. दिल्लीच्या मिस्त्रींनी त्यांचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छप्पर घातले आणि सहा उतारू बसतील अशी रिक्षा केली. कनॉट प्लेस ते चांदणी चौक या वाटेवर ती कित्येक दशके धावली. तिचेही नाव फटफटी. 1990च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून ती रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांनाही लोक फटफट सेवा म्हणत राहिले. हार्लेला श्रीमंताचे खेळणे समजणाऱ्या आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण या देशात तिची पहिली मोठी कारकीर्द शेअर रिक्षाची होती.

सौराष्ट्रात हेच बुलेटचे झाले. पुढे बुलेटचे तोंड, मागे सपाट हौदा, हौद्यात माणसे, पोती आणि एखादी शेळी. याला छकडो म्हणतात. मूळ शब्द बैलगाडीचा. त्याच प्रदेशात अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये डिझेल बुलेटच्या मागच्या चाकाच्या जागी दोन चाके आणि शेतीची अवजारे बसवता येतील असा दांडा जोडला. बैल आणि मजूर दोन्ही परवडेनासे झाले होते. ही बुलेट सांती नांगरणी, पेरणी, कोळपणी करते. तिला पुढे भारतात आणि अमेरिकेत पेटंट मिळाले. मोटारसायकलमधील फेरफाराचा याहून गंभीर नमुना मला माहीत नाही.

या तिन्ही यंत्रांत हौस कुठेच नाही, पण गरज आणि हौस यांच्यात भिंत होती असेही नाही. महाराष्ट्रातील दूधवाल्याची राजदूत आठवा. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला जाड सळईचे आकडे, मागच्या स्प्रिंगांना जादा आधार, आणि हँडलच्या टोकांना रंगीत गोंडे. टाकीवर देवाचे नाव, मडगार्डवर मुलांची नावे. आकडे पोटासाठी, गोंडे मनासाठी, आणि दोन्ही त्याच मिस्त्रीकडून, त्याच दुपारी. पुढे नंबरप्लेटच्या आकड्यांना वळण देऊन 4141चे ‘दादा’ आणि 214चे ‘राम’ करणारा तरुण याच घराण्यातला. त्याची नंबरप्लेट नियमात बसत नाही, हे त्यालाही माहीत असते. आकड्यांतून नागरी अक्षरे काढण्याची ही युक्ती देवनागरीच्या इतिहासात कुणी नोंदवली आहे का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मग रस्ते बदलले आणि गाडीवरचे लोखंडही. खार्दुंग ला 1988 मध्ये सामान्य वाहनांसाठी खुली झाली. पुढच्याच वर्षी मनालीहून लेहला जाणारी वाट पर्यटकांना मोकळी झाली. इकडे शंभर सीसीच्या जपानी घडणीच्या गाड्यांनी बुलेटचे रोजचे काम काढून घेतले होते. कमी पेट्रोल पिणारी, हाक मारताच सुरू होणारी गाडी मिळाल्यावर ऑफिसला बुलेट कोण नेणार? 1994 मध्ये कंपनी आयशरकडे गेली. ज्या गाडीचे काम संपले, तिला सफरीचे काम मिळाले. दिल्लीच्या करोलबागेत बुलेटच्या दुकानांची गल्ली आहे. तिथे मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना सामान, पेट्रोलचे कॅन लावण्यासाठी एक लोखंडी चौकट मिळते, तिचे नावच ‘लडाख कॅरियर’. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा दूधवाल्याचे आकडेच आठवले. बनावट तीच, वजन वाहण्याची तऱ्हा तीच, फक्त दुधाच्या जागी तंबू. ही चौकट आता शहरात, कधीच लडाखला न जाणाऱ्या गाड्यांवरही दिसते. खार्दुंग लाच्या फलकावर उंची 18,380 फूट लिहिलेली असे. उपग्रहाने मोजलेली उंची 17,582 फुटांच्या आसपास भरते. पण फलकापाशी गाडी उभी करून फोटो काढणाऱ्याला त्या आठशे फुटांचे सोयरसुतक नसते, आणि नसावेही. तो तिथवर गेला, एवढे त्या फोटोत खरे असते.

आता गाडी घडवून देणाऱ्या नामांकित कार्यशाळाही आहेत. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’च्या नावातच मराठी षष्ठी आहे. गोव्यात दरवर्षी मेळे भरतात, नटवलेल्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. दुसरीकडे कायदा आक्रसला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावले. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवला तर मला वाईट वाटत नाही. शेजारच्या आजारी माणसाचाही रस्त्यावर हक्क आहे. मात्र ‘मूळ तपशील’ हा शब्द फक्त कायद्याचा राहिलेला नाही. तो गाडीप्रेमींचाही झाला आहे, आणि माझी खरी काळजी तिथे आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदी दिवस साजरा होतो. मी अशा मेळाव्यांना आवडीने जातो. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी लोकांनी सुटे भाग धुंडाळून या गाड्या जिवंत ठेवल्या. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ती गाडी मालक प्रेमाने उलगडून दाखवतात. टाकीचा रंग मूळ, त्यावरची सोनेरी रेघ मूळ, सीटचे कापडही मूळच्यासारखे. फक्त एक वस्तू शोधूनही सापडत नाही: साडी गार्ड.

मागच्या चाकाच्या बाजूची ती जाळी बहुधा विक्रेत्याकडे बसवली जाई. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढे मागचे चाक झाकलेले हवे, धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी. गाडी ‘मूळ रूपात’ आणताना सर्वांत आधी ही जाळी निघते, मग एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठीची पायपट्टी, मग टाकीवरच्या लहानग्याने धरायचा दांडा. तिन्ही भंगारात जातात. त्याबरोबर त्या गाडीवरून माहेरी गेलेली, दवाखान्यात गेलेली, बाळ मांडीवर घेऊन पावसात भिजलेली बाईही त्या गाडीच्या इतिहासातून जाते. उरतो एकटा स्वार, जसा जाहिरातीत असतो.

जुनी गाडी चमकवू नये, असे मी म्हणत नाही. पण ती मिस्त्रीकडे नेण्याआधी, आहे तशी, जाळी आणि गोंड्यांसह, एकदा तिचा फोटो काढावा. काढलेले साडी गार्ड किलोच्या भावाने जाते. ते माळ्यावर ठेवायला फार जागा लागत नाही.