उखळाच्या वाटेवरचं भांडं

अरबस्तानातल्या बेदुइन तंबूत कॉफीचं जे सामान असे, त्यात लाकडाचं एक उथळ, कोरीव तबक असे. त्याचं नाव मबरदा. अरबीत ‘बर्द’ म्हणजे थंडी, तेव्हा मबरदा म्हणजे गार करायचं भांडं. लांब दांड्याच्या लोखंडी पळीत दाणे विस्तवावर भाजायचे, या तबकात ओतायचे आणि निवले की उखळात घालून कुटायचे. मराठीतले बुंद आणि कावा हे जुने शब्द अरबी बुन्न आणि कहवा यांचेच वंशज. मबरदा मात्र आपल्याकडे आला नाही, आणि घरोघरी सूप असताना तो लागलाही नसता. भाजायला भांडं हवं, कुटायला हवं, हे कुणालाही पटेल. पण दाणे नुसते निवावेत म्हणून वेगळं भांडं कशासाठी? आज घरी कॉफी भाजणारा माणूस चटकन सांगेल की भाजणं वेळेवर थांबावं म्हणून. हे उत्तर खरं आहे, पण ते पुढच्या काळाचं आहे. गार करण्याची रीत जन्मली ती उखळाच्या गरजेतून, असं मला वाटतं.

पुरावा त्या तबकातच आहे. ते लाकडाचं आहे. उष्णता झटकन ओढून घ्यायची असती तर तांब्यापितळेचं भांडं अधिक कामाचं होतं, आणि कॉफीची किटली धातूचीच असणाऱ्या त्या तंबूत धातूचं वावडं नव्हतं. म्हणजे घाई नव्हती. शिवाय अशा तबकांच्या एका टोकाला बहुधा निमुळती चोच असते, दाणे न सांडता उखळाच्या तोंडात जावेत म्हणून. हे भांडं केवळ पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं, असा आक्षेप घेता येईल. नक्षी पाहता तो अगदीच चुकीचा नाही. पण शोभेच्या वस्तूला चोच लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कॉफीचं माहेर इथिओपिया, आणि तिथल्या कॉफी-समारंभात तर धुमसते दाणे तव्यासकट पाहुण्यांपुढे वास घ्यायला फिरवतात. खरं आहे. पण कुटण्याआधी तेच दाणे गवताच्या विणलेल्या छोट्या चटईवर ओततात, आणि चटई दुमडली की तिचीच पन्हळ होते. तिकडे गवत, इकडे लाकूड; पण दोन्हींचं तोंड उखळाकडेच वळलेलं. याचं कारण शेंगदाण्याचं कूट करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तव्यावरून उतरवलेला दाणा मऊ लागतो, गार झाला की कुरकुरीत होतो आणि मगच नीट फुटतो. कॉफीचा दाणाही तसाच. गरम असताना तो किंचित चिवट असतो आणि मुसळाखाली दबतो.

भाजणं थांबवण्याचा प्रश्न खरा पेटला तो घाणा मोठा झाल्यावर. मूठभर दाणे आपसूक निवतात. गोणीभर दाण्यांच्या ढिगाच्या पोटातली धग मात्र विस्तवावरून उतरवल्यावरही काम करत राहते. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सनं पेटंट घेतलेल्या यंत्रात भाजणीचं पिंप विस्तवावरून न उचलता रिकामं करता येऊ लागलं. घाण्यामागून घाणा पडू लागल्यावर दाणे लवकर निववणंही तितकंच निकडीचं झालं. आज कारखान्यात दिसणारी जाळीदार गोल परात, तिच्यात फिरणारे हात आणि खालून हवा ओढणारा पंखा ही त्या गरजेची संतती. भाजताना दाण्यांचा पहिला तडतडाट साधारण १९६ अंश सेल्सिअसला होतो, दुसरा २२५च्या आसपास, आणि या दोहोंमधलं अंतर थोड्याच मिनिटांचं असतं. त्यामुळे गार करण्यातली दिरंगाई थेट चवीत उतरते.

घरी पाव किलो दाणे भाजणाऱ्याच्या वाट्याला हे दोन्ही वारसे आले आहेत. कारखान्यात पाण्याचा फवारा मारतात, मग घरी का नको? कारण तिथे पाणी मोजून सोडतात आणि ते वाफ होऊन निघून जातं. घरी अंदाज चुकला की दाणा ओला राहतो. फ्रीजरमध्ये थंडी आहे, पण हलती हवा नाही, आणि दमट दिवसांत बाहेर काढलेल्या दाण्याला घाम फुटतो. सूप मात्र एका झटक्यात दोन कामं करतं. दाणे उसळले की प्रत्येकाभोवती नवी हवा फिरते, आणि भाजताना सुटलेली पातळ, चंदेरी फोलपटं पुढे उडून जातात. पाखडणं अंगणात किंवा गॅलरीत करावं, कारण ती फोलपटं घरभर होतात. सुपावर पडणाऱ्या दाण्यांचा आवाज सुरुवातीला बोदा असतो, चार-पाच मिनिटांत तो खणखणीत होतो. मग एक दाणा उचलून बोटांनी मोडून पाहावा. तो दबला तर आणखी पाखडावं. कट्‌कन मोडला तर दळायला घ्यायला हरकत नाही.