वाघाचा परवाना आणि सराफाचा हिशेब

आजचा भाग रायपूरच्या सदर बाजारातून. इथं ओळीनं सराफांच्या पेढ्या आहेत. सोन्याचा एक साधा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: दागिना गहाण ठेवला तर परत मिळू शकतो, मोडला की पैसे एकदाच मिळतात. आज हाच हिशेब वाघाला लावून बघू.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या पलटणीच्या मेसमध्ये भिंतीवर वाघाचं डोकं होतं. खाली पितळी पट्टी. तिच्यावर अधिकाऱ्याचं नाव, वर्ष आणि 'मध्य प्रांत' एवढंच. त्या वाघासाठी कोणी किती पैसे भरले, ते कुणाला मिळाले, हे काही लिहिलेलं नव्हतं. तिथून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला.

इंग्रजी अमदानीत रायपूर मध्य प्रांतात होतं आणि राजधानी होती नागपूर. 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली आली. जंगलाचे ब्लॉक पाडले गेले, परवाने मिळू लागले. त्यांचा खरा लाभ गोऱ्या साहेबांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना झाला. शेजारच्या संस्थानांत मात्र पैशापेक्षा राजाची मर्जी चाले. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंहदेव यांनी शास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना आपला आकडा कळवला होता: 1150 वाघ.

1 जानेवारी 1948 ला छत्तीसगडची संस्थानं विलीन झाली. मर्जीचा काळ संपला आणि परवान्याचा बाजार उघडला. आता लांबचा, अगदी अमेरिकेतला माणूसही पैसे भरून इथं शिकार करू शकत होता. त्यासाठी शिकार कंपन्या निघाल्या. त्यातली एक, ॲल्विन कूपर, विद्याचरण शुक्ल यांनी काढली. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे ते चिरंजीव. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते या धंद्यात आले आणि 1957 मध्ये लोकसभेत गेले. तेव्हा हा धंदा पूर्ण कायदेशीर होता, हे विसरू नका.

पैसा कसा फिरे, ते पाहा. पाहुणा सगळी रक्कम कंपनीला देई. तंबू, गाड्या, मचाण, आमिषाचा रेडा, सगळं त्यातून. वन खात्याला परवान्याची फी मिळे. देशभरातली कातडी पेंढा भरायला म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्याकडे जात, म्हणजे तीही कमाई इथून बाहेर. गोंड, बैगा गावांतल्या हाकाऱ्यांच्या हातात पडे ती काही दिवसांची मजुरी. जंगल यांचं, जोखीमही यांची, आणि वाटा सगळ्यात लहान.

त्यात 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला. काल शंभर डॉलरचे 476 रुपये होत होते, आज 750. म्हणजे रुपयांत ठरलेली फी परदेशी माणसाला एका दिवसात स्वस्त झाली. आपला वाघ आपणच सवलतीत विकायला काढला!

मग 1969 मध्ये दिल्लीत जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेचं अधिवेशन भरलं. वाघाची शिकार थांबवा, असा ठराव झाला आणि 1970 मध्ये देशभर बंदी आली. परकीय चलन बुडेल, अशी ओरड करत शिकार कंपन्या न्यायालयात गेल्या, पण बंदी टिकली. 1972 च्या गणतीत वाघ निघाले 1827. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यातही काही प्राण्यांसाठी वेगवेगळे शिकार परवाने ठेवलेच होते. ते 1991 च्या दुरुस्तीनं गेले.

बंदीचा फटका कुणाला बसला? कंपनीच्या मालकाला दुसरा धंदा करता येत होता. हाकाऱ्याची हंगामी मजुरी गेली. पुढं कान्हाच्या जंगलातून काही गावंही हलवली गेली. बंदी योग्यच होती, असं माझं ठाम मत आहे, पण तिची किंमत कुणी मोजली, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे.

आज त्याच कान्हात बाहेरून आलेला माणूस वाघ नुसता बघायला पैसे देतो. उद्या दुसरा येतो, परवा तिसरा, आणि वाघ जागेवरच. मुद्दल शाबूत, व्याज चालू.

आणि मुद्दल संपलं तर? 1947 मध्ये आपल्याच कोरिया संस्थानात महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातले ते शेवटचे नोंदलेले चित्ते. त्या शिकारीला फी पडली नाही. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते विमानानं आणून कुनोत सोडावे लागले. फुकटच्या त्या गोळ्यांचं बिल पंचाहत्तर वर्षांनी आलं, आणि ते तुम्ही-आम्ही भरतोय.

तेव्हा पुढच्या वेळी कान्हाला किंवा ताडोबाला गेलात, तर तिकीट काढताना एवढं जरूर विचारा: यातले किती रुपये हाकाऱ्याच्या नातवापर्यंत पोचतात? जुन्या पितळी पट्टीवर नव्हतं, ते आपल्या पावतीवर तरी असू दे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.