चार मीटरांचे कुटुंब

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर गाडी घ्यायला निघालेले कुटुंब रंग, मायलेज, डिकी आणि हप्ता यांची चर्चा करत असते. निवड आपण करतो आहोत, अशी त्याची समजूत असते. ती पूर्ण खोटी नाही. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची लांबी, इंजिनाचा आकार, डिकीची खोली, एवढेच काय, तिच्यात हायब्रिड यंत्रणा नसणे, यांतले बरेचसे सरकारी अधिसूचनेत आधीच ठरून गेलेले असते. भारतातल्या कौटुंबिक मोटारीचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास म्हणूनच मला कारखान्यांपेक्षा फूटपट्ट्यांचा इतिहास वाटतो.

पहिली फूटपट्टी परवान्याची होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केंद्र सरकारने ठरवले, की सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याची तयारी असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ उरल्या त्या तीन गाड्या : उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. त्यांतून 'निवडायचे' म्हणजे कोणत्या रांगेत नाव नोंदवायचे ते ठरवायचे. मोटारींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश १९५९ सालीच निघाला होता. त्याच्या कलमांनुसार नवी गाडी दोन वर्षांच्या आत परवानगीशिवाय विकता येत नसे, कारण हातात आलेली गाडी दुसऱ्याच दिवशी जास्त किमतीला जाई. १९६९ साली सरकारने किमतीही बांधून दिल्या. त्याविरुद्ध कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मोटारीची रास्त किंमत किती, याचा खल १९७१ सालापर्यंत न्यायासनासमोर चालला.

या काळात छोट्या, स्वस्त गाडीची कल्पना कुणाला सुचलीच नव्हती, असे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाच्या चिमुकल्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः घडवले. ते रस्त्यावर धावले, लोकांनी पाहिले. पण मीरा कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. परवान्याच्या राज्यात नमुना तयार करणे आणि उत्पादन करणे यांच्यामधले अंतर इचलकरंजी ते दिल्ली एवढे होते.

दुसरी फूटपट्टी परदेशातून आली, आणि ती कशी आली हे पाहण्यासाठी थोडे जपानला जावे लागेल. युद्धानंतर जपानने 'केई' म्हणजे हलक्या वाहनांचा एक वेगळा वर्ग केला. १९५५च्या सुमारास त्याची मर्यादा तीन मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी आणि ३६० सीसी इंजिन अशी होती; १९७६ साली ती ३.२ मीटर, १.४ मीटर आणि ५५० सीसी झाली. या मापात बसणाऱ्या गाडीला कर कमी. सुझुकीने १९७९ साली ४ लाख ७० हजार येनला आणलेली ऑल्टो तर याहून पुढे गेली. तिची नोंद मालवाहू व्हॅन म्हणून झाली, कारण अशा व्हॅनवर वस्तुकर नव्हता. मागचे आसन केवळ नावापुरते होते. प्रवासी गाडी म्हणून तिची जुळी बहीण होती फ्रॉन्टे.

संजय गांधींच्या मारुतीचा प्रकल्प बुडाल्यानंतर १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९८२च्या ऑक्टोबरात तिचा सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या 'मारुती ८००'ची किल्ली ग्राहकाला मिळाली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. ही गाडी म्हणजे त्याच जुळ्या जोडीचा निर्यातीसाठीचा अवतार. इंजिन ७९६ सीसीचे, पण अंगकाठी जपानी करखात्याच्या १.४ मीटर रुंदीची. तोकियोतल्या अरुंद गल्लीसाठी आणि तिथल्या करदात्यासाठी बेतलेल्या त्या चौकटीत आपल्याकडे आई-वडील, दोन मुले, आजी आणि मांडीवरची पिशवी बसली. तिने रांग संपवली, गाडी सकाळी किल्ली फिरवताच सुरू होते हा विश्वास दिला, आणि २०१४पर्यंत लाखो घरांची ती पहिली गाडी ठरली. तिचे ऋण मानायलाच हवे. पण तिच्या मागच्या आसनावर तिघे कसे बसायचे, याचे उत्तर ओसाकात किंवा हामामात्सूतही कुणी शोधले नव्हते, हेही खरे.

भारतीय कुटुंब समोर ठेवून, इथल्या मापाने गाडी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यात झाला. रतन टाटांनी आपल्या अभियंत्यांसमोर ठेवलेली कल्पना प्रसिद्ध आहे : आकार मारुती झेनचा, आतली ऐसपैस जागा अँबॅसडरची, किंमत ८००च्या जवळपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. १९९८च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात दिसलेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आलेली इंडिका सुरुवातीला दोषांनी भरलेली होती. २००१च्या दुरुस्त आवृत्तीने ती सावरली. माझ्या मते तिचे ऐतिहासिक महत्त्व वेगळेच आहे. तिच्यामागचे माप कोणत्याही करखात्याचे नव्हते. मागच्या आसनावर तिघांनी बसायचे आहे, या गरजेतून ते आले होते.

हा अवकाश फार काळ टिकला नाही. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि 'छोटी' कोण याची व्याख्या केली : लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपर्यंत. गंमत अशी, की कुर्ल्याची जुनी पेट्रोल पद्मिनी तिच्या १,०८९ सीसी इंजिनासह या व्याख्येत अलगद बसली असती.

सवलतीमागचा हेतू चांगला होता. देश छोट्या गाड्यांचे केंद्र व्हावा, इंधन वाचावे. परिणाम मात्र शिंप्याच्या कात्रीसारखा झाला. १,२९८ सीसीच्या पेट्रोल स्विफ्टला २०१० साली १,१९७ सीसीचे इंजिन मिळाले. टाटांनी २००८ साली इंडिगोची शेपटी कापून चार मीटरांच्या आतली सेडान आणली. त्याच वर्षी ४,१६० मिलिमीटर लांबीने जन्मलेली डिझायर २०१२ साली ३,९९५ मिलिमीटरची झाली. कापलेले १६५ मिलिमीटर प्रामुख्याने डिकीतून गेले. गावाला निघताना जी बॅग मांडीवर घ्यावी लागते, तिचा उगम अर्थ मंत्रालयात आहे.

या फूटपट्टीची खरी किंमत मात्र हायब्रिडच्या बाबतीत मोजावी लागली. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात विक्रीला आली. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलवरून निघताना तीच ऊर्जा गाडी ओढते. रस्ता जितका तुंबलेला, तितका लाभ जास्त. म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाहतुकीसाठी याहून सोयीची रचना नाही. तरीही कुटुंबाच्या बजेटातली छोटी, पूर्ण हायब्रिड गाडी इथे का आली नाही?

महाग बॅटरी आणि दुहेरी यंत्रणेचा खर्च हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे इंजिनाच्या आत आहे. हायब्रिडची इंजिने बहुधा ॲटकिन्सन पद्धतीवर चालतात. त्यांत हवा आत घेण्याची झडप उशिरा मिटते, आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग परत ढकलला जातो; त्यामुळे इंधन कमी जळते, पण जळलेल्या वायूचे प्रसरण मात्र पुरेपूर वापरले जाते. या काटकसरीचा मोबदला म्हणजे प्रत्येक सीसीमागे मिळणारी ताकद कमी. ती भरून काढायला इंजिन आकाराने थोडे मोठे ठेवावे लागते. युरोपात विकली जाणारी टोयोटाची यारिस हायब्रिड ३,९४० मिलिमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या लांबीच्या अटीत बसते. पण तिचे इंजिन १,४९० सीसीचे. भारतीय व्याख्येत ती छोटी नाही. सीसी मोजणाऱ्या कायद्याला मोठे इंजिन म्हणजे उधळे इंजिन वाटते. इथे मात्र ते मोठे आहे ते काटकसरीसाठीच.

मग कंपन्यांनी हिशेब सरळ केला. छोट्या गाडीची सवलत मिळणारच नसेल, तर लांबी तरी का आवरायची? २०२२ साली १,४९० सीसीचेच हायब्रिड इंजिन घेऊन आलेली हायरायडर ४.३ मीटरांहून लांब आहे. एवढ्या मोठ्या गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला सुमारे २८ किलोमीटर आहे, आणि तो अनेक चार मीटरांच्या पेट्रोल गाड्यांहून सरस आहे. २०१७च्या जीएसटीत अशा हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता, छोट्या पेट्रोल गाडीवर २९. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाडीवर १८ आणि बाकीच्यांवर ४० टक्के झाला. विजेची गाडी ५ टक्क्यांवर राहिली. दर बदलले, चार मीटर आणि १,२०० सीसी तसेच राहिले. लांबीत वा सीसीत न बसणारी काटकसरी हायब्रिड आणि तेवढीच मोठी साधी पेट्रोल गाडी आज एकाच ४० टक्क्यांच्या ओळीत उभ्या आहेत.

विसंगती अशी, की याच सरकारकडे दुसरी पट्टीही आहे. २०१७पासून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचा सरासरी कार्बन उत्सर्जनाचा हिशेब किलोमीटरमागे ग्रॅममध्ये मागितला जातो. कारखानदाराला ग्रॅम विचारायचे आणि गिऱ्हाइकाकडून कर मात्र मिलिमीटरने घ्यायचा, असा हा दुहेरी कारभार आहे. करही त्याच ग्रॅमांवर बसवला, तर चार मीटरांच्या आतली हायब्रिड इथे बनवण्याचा विचार कारखानदार करू लागेल, आणि डिकी किती कापायची हा प्रश्न त्याच्यापुढे उरणार नाही.

तोवर घराने आपले माप स्वतः घ्यावे हे बरे. रोजचे चालणे शहरातल्या गर्दीचे आणि वर्षाकाठी बरेच असेल, तर हायब्रिडचे जास्तीचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. गाडी मुख्यतः सुटीत महामार्गावर निघणार असेल, तर ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा थोडीच, आणि साधी पेट्रोल गाडी पुरते. मागे कोण बसणार, त्यांचे गुडघे किती दुखतात, गावाकडून येताना तांदळाचे पोते आणायचे असते का, हे प्रश्न कोणत्याही अधिसूचनेत नाहीत. पुण्यात इंडिकाचा आराखडा करणाऱ्यांनी ते एकदा विचारले होते.