लोणारचा काठ आणि मुक्कामाचा प्रश्न

रिसोडहून पश्चिमेस निघाले म्हणजे बालाघाटाचा जो काळ्या मातीचा, तुरी-सोयाबीनचा मुलूख लागतो, त्यात सरळ रेषेने तीसेक किलोमीटर जाताच जमीन एकाएकी पायांखालून सरते आणि सुमारे दीडशे मीटर खोल व पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद असे एक वर्तुळाकार विवर समोर उघडते. त्याच्या तळाशी लोणारचे खारे सरोवर आहे. सरकारी दप्तराप्रमाणे ते बुलढाणा जिल्ह्यात आणि आम्ही रिसोडकर वाशीम जिल्ह्यात; परंतु नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्याकडील माणसांना ही हद्द कधी आडवी आली नाही. म्हणूनच या सरोवराच्या काठी मोठे, आलिशान रिसॉर्ट उभे राहणे इष्ट आहे काय, या प्रश्नाचा विचार करणे हे लोणारकरांइतकेच आमचेही कर्तव्य आहे असे मी मानतो.

समुद्रातील लहान आणि अस्पर्श बेटांवर भव्य विश्रामस्थाने बांधावीत की नाहीत, हा वाद जगात जागोजाग चालला आहे. वऱ्हाडाला समुद्र नाही; तथापि बेटाची जी मूळ अवस्था, ती लोणारला पूर्णांशाने लागू पडते. बेटाला पाण्याने चहूकडून मर्यादा घातलेली असते, लोणारच्या पाण्याला ती खडकाने घातलेली आहे. विवरात पाणी येते ते पावसाचे व झऱ्यांचे. बाहेर पडण्यास त्याला ओढा नाही की नाला नाही, जे जाते ते केवळ वाफ होऊन जाते. त्यामुळे क्षार असो, गाळ असो वा वस्तीचे सांडपाणी असो, जे एकदा आत उतरले ते तेथेच साचते. नदीकाठचे गाव आपली घाण प्रवाहाच्या स्वाधीन करून, अन्यायाने का होईना, मोकळे होऊ शकते. लोणारला ती सोय निसर्गाने ठेवलेली नाही. या स्थळाच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

पूर्वजांनी त्या इतिहासाचा आरंभ लवणासुराच्या कथेने केला. भूमीखाली दडून जगास पीडा देणाऱ्या या दैत्याचा विष्णूने वध केला, त्याचे निवासस्थान उघडे पडले आणि तेच हे सरोवर झाले, अशी ती कथा. गावातील दैत्यसूदनाचे भव्य मंदिर त्या विजयाचे स्मारक आहे. विवराच्या काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची अखंड धार आहे, आणि खाली झाडीत व पाण्याच्या कडेला कमळजादेवीसह अनेक जुनी देवळे विखुरलेली आहेत. या रचनेत एक गोष्ट मननीय आहे. वस्ती, बाजार आणि मुख्य देवालय ही वर, काठाबाहेर. आत उतरायचे ते दर्शनासाठी, आणि दर्शन घेऊन परतायचे. विवराच्या उदरात देवांची घरे पुष्कळ झाली, परंतु नगर वसले नाही. हा विवेक पूर्वजांनी ठरवून केला की खाऱ्या पाण्याने त्यांच्याकडून करवून घेतला, हा भेद येथे गौण आहे. तो शतकानुशतके टिकला, हे महत्त्वाचे.

वऱ्हाड १५९६ साली मोगलांच्या अमलाखाली आले, आणि त्यानंतर लवकरच सिद्ध झालेल्या अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख सापडतो. ब्राह्मण या स्थानास विष्णुगया म्हणतात, काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे निपजते आणि त्यापासून सरकारास चांगला महसूल मिळतो, असा त्याचा आशय आहे. तीर्थ आणि उत्पन्न ही दोन्ही एकाच ठिकाणी नोंदवणारा तो दाखला बादशाही जमाबंदीच्या चिकित्सक दृष्टीचा द्योतक आहे. पुढे निजामाची मोगलाई आली आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले.

अबुल फझलने नोंदवलेले ते द्रव्य म्हणजे लोणारचा खार: मुख्यत्वे सोडा, आणि त्यात मिसळलेले मीठ. उन्हाळ्यात पाणी हटू लागले की काठच्या चिखलावर व उथळ भागात त्याचे थर जमत, आणि मग माणसे तो गोळा करीत. त्याच्या शुद्धाशुद्धतेप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे रूढ होती, आणि १९१२ साली भूगर्भशास्त्र खात्याच्या ला टूश व ख्रिस्ती या अधिकाऱ्यांनी सरोवराविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी या क्षारांची रासायनिक परीक्षाही केली. या धंद्याचा विशेष असा की त्याचे परिमाण मागणी ठरवीत नसे, सरोवर ठरवी. पाऊस अधिक झाला तर खार कमी, उन्हाळा कडक तर खार जास्त. वर्षातून ठरावीक महिने काम आणि उरलेल्या काळात सरोवराला विसावा. युरोपात १८६० च्या दशकात सॉल्वेची पद्धती निघाली व सोडा कारखान्यात स्वस्त बनू लागला, तेव्हापासून नैसर्गिक खाराची बाजारपेठ सर्वत्र आटत गेली, आणि लोणारचा हा जुना व्यवसायही कालांतराने मावळला. परंतु शतकांच्या उपशानंतरही सरोवर जिवंत राहिले, कारण त्यातून वस्तू बाहेर काढली जात होती; बाहेरची वस्तू त्यात ओतली जात नव्हती.

विज्ञानाची दृष्टी येथे सावकाश पोहोचली. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असेच विद्वानांचे मत होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने येथील खडकात प्रचंड आघातानेच निर्माण होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच दाखवून दिली, आणि हे विवर उल्कापाताचे आहे हे निर्विवाद ठरले. त्याच्या वयाचे अंदाज ५२ हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत भिन्न आहेत. बसाल्ट खडकातील अशी विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ, आणि चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बसाल्टचाच. म्हणून चंद्रावरील विवरांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञाला वऱ्हाडातील या कसब्याची वाट धरावी लागते.

साल २००० मध्ये लोणारला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र चार चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि त्याचे रक्षण किती नाजूक आहे हे त्या आकड्यावरूनच कळावे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधून काढले. पाणी आटून क्षारता वाढताच त्यांची संख्या बेसुमार वाढली होती. क्षारतेच्या एका चढउताराने ज्याचा रंग पालटतो, त्या पाण्यावर मनुष्यवस्तीचा भार किती पडू शकेल याचा विचार करावा. त्याच वर्षी लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे या सरोवराच्या रक्षणाचा विषय वर्षानुवर्षे आहे, आणि गावाचे सांडपाणी विवरात उतरणे ही त्यातील एक प्रमुख चिंता. पुढे २०२२ साली राज्य सरकारने लोणारच्या विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली. पैसा येणार, रस्ते रुंद होणार, पाहुणे वाढणार. तेव्हा भव्य रिसॉर्टची कल्पना फार काळ दूर राहणार नाही.

मोठ्या रिसॉर्टची निकड सांगणाऱ्यांची बाजू क्षुद्र नाही. आमचा प्रदेश कोरडवाहू आहे. सोयाबीनचा भाव पडला की घरातील लग्न लांबते आणि तरुण पुण्याची वाट धरतो. त्याला गावाजवळ काम मिळावे, ही इच्छा न्याय्य आहे. परंतु तेवढ्यावरून काठावर शेकडो खोल्या, जलतरण तलाव आणि हिरवळी उभारणे योग्य ठरत नाही. या पठारावर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाण असते. रिसॉर्टचे पाणी प्रथम याच भूगर्भातून उपसले जाईल, म्हणजे ज्या झऱ्यांवर सरोवर जगते त्यांच्याच तोंडचे. आणि वापरून झाल्यावर ते उताराने जेथे जाण्याचा संभव आहे, तेथून ते परत येणार नाही. फिलिपाइन्समधील बोराकाय या सुमारे दहा चौरस किलोमीटरांच्या बेटावर हॉटेलांची गर्दी झाली, सांडपाणी समुद्रात जाऊ लागले, आणि अखेर २०१८ च्या एप्रिलपासून सहा महिने ते बेट पर्यटकांना बंद ठेवणे सरकारला भाग पडले. तेथे निदान खुला समुद्र होता आणि लाटा होत्या. लोणारला केवळ बाष्पीभवन आहे, आणि बाष्पीभवन घाण नेत नाही.

उलट आपल्याच राज्यात घारापुरीचे उदाहरण आहे. मुंबईच्या बंदरातील त्या बेटावर लेणी पाहण्यास जगभरातून माणसे येतात. तेथे पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही, संध्याकाळी सर्वांनी परतायचे असते. म्हणून त्या लेण्यांची कीर्ती कमी झाली नाही, आणि बेटावरील ग्रामस्थांना विक्री-वाटाड्याचा रोजगारही आहे. मुक्काम एका जागी आणि दर्शन दुसऱ्या जागी, ही विभागणी लोणारलाही योग्य आहे. काठाजवळ पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, तेवढे तेथे पुरे. वाढीव पाहुण्यांची सोय मेहकर, रिसोड आणि लोणार गावाच्या दूरच्या बाजूला, लहान खाणावळींतून व गृहस्थांच्या घरांतून व्हावी. असे झाले तर एका मालकाच्या तिजोरीत जाणारा पैसा अनेक चुलींपर्यंत पोहोचेल, पाहुण्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि वऱ्हाडी ठेचा पडेल, आणि पिंगळाक्षी देवीसारखी आमची स्थानेही त्याच्या प्रवासात येतील.

विकासाला माझा विरोध नाही. त्याचा क्रम योग्य असावा एवढाच आग्रह आहे. मंजूर पैशातून प्रथम गावाच्या सांडपाण्याची पूर्ण व कायमची व्यवस्था व्हावी, झऱ्यांच्या उगमक्षेत्रात नवे उपसे थांबावेत, एका दिवशी विवरात उतरणाऱ्यांची संख्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने निश्चित व्हावी. आणि हे सर्व साधल्यावरच नव्या खोल्यांचा विचार व्हावा, तोही काठापासून दूर. खार काढणाऱ्या पूर्वजांना सरोवराने घातलेली मर्यादा मुकाट्याने मानावी लागली. आपल्यापाशी ती मोडण्याचे सामर्थ्य आले आहे, म्हणून आता ती कायद्याने आणि आपल्या संमतीने घालून घेणे आवश्यक आहे. ही जबाबदारी लोणारच्या नगरपरिषदेची आणि सरकारची तर आहेच, परंतु शेजारधर्माने ती रिसोड, मेहकर आणि वाशीमच्याही माणसांची आहे, आणि आराखड्याचे काम जोरात सुरू होण्यापूर्वी आम्ही ती बोलून दाखवली पाहिजे.