सातारची चौकशी आणि न्यायाची वाजवी मुदत

न्यायालयीन कामकाज वाजवी मुदतीत संपावे, हा हक्क सामान्यतः आधुनिक संविधानचर्चेतला मानला जातो. परंतु सातारा जिल्ह्याचा (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत त्यातच मोडत असे) इतिहास पाहता, त्याची निकड येथे फार पूर्वीच भासली होती असे दिसते. मात्र ‘वाजवी’ म्हणजे केवळ ‘लवकर’ असा अर्थ घेतल्यास हा इतिहास नीट उलगडत नाही.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी कंपनीच्या फलटणीतील देशी अंमलदारांना फितविण्याचा यत्न केला, असा आरोप १८३६ मध्ये पुढे आला. रेसिडेंट लॉडविक, ओव्हान्स व विलोबी या तिघांच्या मंडळाने त्याची गुप्त चौकशी केली. पुढे तीन वर्षे प्रकरण तसेच लोंबकळत राहिले. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. अपराध मान्य करावा आणि गादी राखावी, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी तो नाकारला. आणि पुढच्याच महिन्यात त्यांना पदच्युत करून पुढे काशीस धाडण्यात आले. उघड न्यायसभा अशी झालीच नाही. निकाल झटपट लागला, सुनावणी मात्र राहून गेली!

ती मिळविण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. कंपनीचे संचालक, भागधारक, पार्लमेंटचे सभासद अशा सर्वांपुढे त्यांनी फिर्याद मांडली. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले. वादी गेला, वादाचा विषयही गेला; वकील तेवढा विलायतेत उरला. या विलंबाला केवळ कारकुनी दिरंगाई म्हणता येणार नाही. काळ लोटणे हे कंपनीच्याच पथ्यावर पडत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सामान्य रयतेचा प्रश्न निराळा होता. दावा म्हणजे खेटे, खर्च आणि सावकाराची सरशी, असा तिचा अनुभव. सातारा, पुणे, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात दाव्यापूर्वी सलोखा घडविण्याची तरतूद सरकारला करावी लागली, ती उगीच नव्हे.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ नंतर गावोगावी न्यायदान मंडळे चालविली, तीही याच भूमीवर. गहाण जमिनी, भाऊबंदकी, सावकारी यांचे तंटे गावातच, गावकऱ्यांच्या समक्ष तोडले जात. लोकांना ती आपली वाटली, यात नवल नाही. तथापि, गुन्हेगार ठरलेल्याच्या तळपायांवर फटके मारण्याची शिक्षाही तेथे होती. संशोधकाने चळवळीविषयीच्या आदरापोटी ही बाजू झाकून ठेवू नये.

डिसेंबर १९९१ मध्ये, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शीघ्र न्यायाचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात अनुस्यूत असल्याचे पुन्हा सांगितले, पण फौजदारी खटल्यांना ठराविक कालमर्यादा घालण्याचे नाकारले. विलंब कोणामुळे व कशामुळे झाला, हे प्रत्येक प्रकरणी तपासावे, असा त्या निर्णयाचा रोख आहे. शिवाय हा हक्क तपासाच्या टप्प्यापासूनच लागू होतो, असेही त्यात म्हटले आहे. ही मोजणी प्रतापसिंहांच्या प्रकरणाला लावली, तर तिचा आरंभ १८३९ च्या पदच्युतीपासून होत नाही. तो १८३६ च्या त्या गुप्त चौकशीपासूनच धरावा लागतो.