अमरावतीहून धारणीपर्यंत

ताराबाई मोडक म्हटले की वाचकांना दादरचे शिशुविहार आठवते, बोर्डी आणि कोसबाड आठवते. अमरावती सहसा आठवत नाही. मुंबईत १९१४ साली बी.ए. झालेल्या ताराबाई लग्नानंतर कृष्णराव मोडक वकिलांच्या घरी अमरावतीला नांदायला आल्या होत्या. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्यातून बाहेर पडून त्यांनी वऱ्हाड सोडले, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद काही काळ सांभाळले आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. अमरावतीशी तुटलेला हा धागा अर्धशतकानंतर याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, पुन्हा दिसतो.

गिजुभाईंचे बालमंदिर माँटेसरींच्या विचारावर उभे होते. माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सॅन लोरेन्झो या मजुरांच्या गलिच्छ वस्तीत सुरू झाले होते, हे आज विसरले गेले आहे. मजुरांच्या पोरांसाठी निघालेली ही पद्धत पुढे जिथे गेली तिथे, गुळगुळीत लाकडी साधनांसह, बहुधा पैसेवाल्यांच्या हाती पडली. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले तेही प्रामुख्याने मध्यमवर्गीय मुलांचेच. ही गोष्ट त्यांना स्वतःला खुपत असली पाहिजे. नाहीतर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, बस्तान बसलेले काम मागे ठेवून कोणी बोर्डीला कशाला जाईल?

बोर्डीत त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली पोरे येईनात. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, कुणाकडे शेळ्या. तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी आणि खेळ. विकतच्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने. केंद्रात भरायची ती केंद्रीय बालवाडी आणि वस्तीत, वस्तीच्या सोयीच्या वेळी भरायची ती अंगण बालवाडी. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हे अंगण आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले.

ताराबाई १९७३ साली वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ गटांत सुरू केली. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती आणि अमरावती जिल्ह्यातली धारणी.

योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. मला खिचडी कमी लेखायची नाही. मेळघाटातले बालमृत्यू ज्यांनी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचले आहेत, त्यांच्यापैकी कोणीही ती कमी लेखणार नाही. पण अंगणवाडीचा हिशेब कशाचा मागितला जातो? वजनाचा, आहाराचा, लसीचा. मुलाला आज कोणती गोष्ट सांगितली, हे विचारायला कोणी साहेब येत नाही. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. तिचा ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावा लागला.

कायद्यानेही हेच केले. १९५० च्या घटनेतल्या ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण होते. खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच उरले. फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षी शिक्षण सक्तीचे आहे, आणि तिथली जवळजवळ सगळी मुले त्याआधीच शाळेत जात होती. त्याच वर्षी युनिसेफने सांगितले की जगात १७.५ कोटींहून अधिक मुले, म्हणजे त्या वयातली जवळपास निम्मी, पूर्वप्राथमिक शिक्षणाबाहेर आहेत. सर्वांत गरीब देशांत दहातली जवळजवळ आठ.

हे अंतर पाहायला मला परदेशी जावे लागत नाही. अमरावतीत किंवा आमच्या अकोल्यात नर्सरी-केजीच्या गणवेशातली, पिवळ्या बसमधून उतरणारी मुले सकाळी पाहावीत आणि मग परतवाडा, सेमाडोह, हरिसालवरून धारणीची एस.टी. धरावी. दोन्हीकडे वय तेच, तीन ते सहा. इकडे आईबापांनी फी भरून शाळा विकत घेतली आहे, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी चार वर्षांच्या पोराला वहीभर अक्षरे गिरवायला लावतात, जे गिजुभाईंना मुळीच खपले नसते. तिकडे मुलाच्या घरी कोरकू बोलतात, आणि भिंतीवरचे तक्ते मराठीत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे दूरचेही नाते नाही. अकोल्याच्या खेड्यातले पोर वऱ्हाडी घेऊन येते, त्याला पुस्तकी मराठी थोडी अडते. कोरकू पोराला ती पहिल्या शब्दापासून परकी असते.

काही वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका अंगणवाडीत तासभर बसलो होतो. दारात सात-आठ वर्षांची एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती, शाळेच्या वेळेत. सेविका स्वतः कोरकू. आम्ही पाहुणे आलो म्हणून तिने मराठी गाणे घेतले. मुलांनी हातवारे बरोबर केले, ओठ मात्र हलले नाहीत. आम्ही उठून बाहेर चपला घालत होतो, तोवर ती कोरकूत काहीतरी म्हणाली आणि आत एकदम गलका झाला. दारातली मुलगीही हसत आत शिरली.